संदेश थांबला की उपचारही थांबतात

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल, तितका स्नायू वाचतो. मेलेला पुन्हा जिवंत होत नाही. गावाकडच्या रुग्णालयात ईसीजीचे यंत्र असते, इंजेक्शनही असू शकते. नसतो तो हृदयरोगतज्ज्ञ. काश्मीरमधील डॉक्टरांनी यावर साधा तोडगा काढला होता. ‘सेव्ह हार्ट काश्मीर’ या व्हॉट्सॲप गटावर दूरच्या रुग्णालयातील डॉक्टर ईसीजीचा फोटो टाकत आणि तज्ज्ञ तो पाहून उपचार सुचवत.

ऑगस्ट २०१९ मध्ये खोऱ्यातील फोन व इंटरनेट बंद झाले आणि हा गट मुका झाला. ऑक्टोबरात पोस्टपेड मोबाइलवरून बोलता येऊ लागले. पण नुसत्या बोलण्यातून ईसीजी दिसत नाही. सरकारी रुग्णालयांतील इंटरनेट आणि सर्वांसाठी एसएमएस सुरू व्हायला २०२० उजाडले. त्यानंतर मोबाइल इंटरनेट आले, तेही टूजी वेगाचे. संपूर्ण प्रदेशात फोरजी परतले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात करोना आला. उपचारांच्या सूचना सतत बदलत होत्या आणि त्या उतरवून घेण्यासाठी डॉक्टर पडद्याकडे बघत ताटकळत होते.

अफवा आणि हिंसाचार रोखण्यासाठी इंटरनेट बंद करावे लागते, असे प्रशासन सांगते. ही काळजी खोटी नाही. पण अफवेचा संदेश आणि रुग्णाचा ईसीजी एकाच तराजूत तोलणे चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या ‘अनुराधा भसीन’ निकालात बेमुदत बंदी अमान्य ठरवली, आदेश जाहीर करण्यास सांगितले आणि रुग्णालयांची सेवा सुरू ठेवण्याचा विचार करण्यास बजावले.

हा प्रश्न काश्मीरपुरता नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतही इंटरनेट बंद झाले होते. बंदी थोड्या काळाची असली, तरी झटका तेवढा वेळ थांबत नाही.

म्हणून बंदीच्या प्रत्येक आदेशातच प्राथमिक आरोग्य केंद्रे, रुग्णालये आणि रुग्णवाहिका यांची जोडणी कशी चालू राहील, हे लिहिलेले असावे. आदेशांचा फेरविचार करणाऱ्या समितीत आरोग्य विभागालाही जागा हवी. ऑपरेशन थिएटरची वीज तोडताना कोणीही दहादा विचार करील. डॉक्टरांचा संपर्क तोडतानाही तेवढाच विचार व्हावा.