भिऱ्याचे पाणी

फोपनारच्या माणसास रबरी तराफ्यात बसवून खळाळत्या नदीतून न्यावयाचे, ही कल्पनाच प्रथम आम्हांस हास्यास्पद वाटली होती. आमचे गाव कागदोपत्री मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात. परंतु बोली, केळीचे मळे आणि पाहुणेरावळे पाहू जाता ते खानदेशाचेच. तापीत आम्ही लहानपणी पुष्कळ डुंबलो आहोत. पण उन्हाळ्यात तापीमाई अशी काही अंग चोरून वाहते की, तिच्यात बुडावयाचे म्हटले तरी जागा शोधावी लागावी. तेव्हा ऐन एप्रिलात, जेव्हा विहिरी तळ दाखवू लागतात, तेव्हा कोकणात एक नदी रोज सकाळी दुथडी भरून वाहते आणि तिच्यावर लोक मौजेखातर तराफे हाकतात, हे आमच्या मित्राने सांगितले तेव्हा आम्ही ते थापेतच जमा केले.

हे आमचे मित्र नेपानगरचे. 1956 साली तेथे वृत्तपत्राच्या कागदाचा कारखाना सुरू झाला, त्या सुमारास त्यांचे वडील पुणे जिल्हा सोडून नोकरीसाठी इकडे आले आणि येथलेच झाले. मित्र आमचे शाळेपासूनचे सोबती. वयाची पन्नाशी आम्ही दोघांनीही ओलांडली आहे. त्यांस पोहता येत नाही, हे वाचकांनी आताच ध्यानात ठेवावे.

मुक्ताईनगर, जळगाव, अजिंठ्याचा घाट, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे असा सुमारे साडेपाचशे-सहाशे किलोमीटरांचा मार्ग. त्यातील पहिल्या दिवसाविषयी सांगण्यासारखे काही नाही. मित्राने मोटार चांगली हाकली आणि आम्ही वाटेत तीनदा चहा मागितला, एवढेच. दुसऱ्या दिवशी पौड मागे टाकून मुळशीच्या तलावाकाठी आलो, आणि तेथे मित्राने काही न बोलता मोटार उभी केली.

तलाव विस्तीर्ण आहे. डोंगरांच्या कुशीत निळे पाणी, काठाने मक्याची कणसे भाजणारे, छायाचित्रे काढणारी तरुण मंडळी. मित्र बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "आजीचे गाव ह्यात आहे. कोणत्या बाजूस होते, ते तिने मला हाताने दाखवले होते. पण ते नेपानगरच्या अंगणात उभी राहून! आता दिशा कशी लागणार?"

मुळशीची हकीकत मराठी वाचकांस ऐकून ठाऊक असते, पण तिचा तपशील आता विसरत चालला आहे. मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरवावी म्हणून टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण घालण्याचे ठरविले. त्यात सुमारे 50 गावांची भातजमीन जाणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ह्यांस 'सेनापती' ही पदवी लाभली ती ह्याच लढ्यात. लढा 1924 पर्यंत रेंगाळत चालला. तो मोडण्याचे एक कारण फारसे कोणी बोलत नाही: कष्ट करणारा मावळा एक आणि कागदावरचा धनी दुसरा. पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गुंतलेल्या होत्या. सावकारांस मोबदला पुरेसा वाटला, त्यांनी तो स्वीकारला, आणि बांधावर उभा राहिलेला मावळा एकाकी पडला. बापटांस शेवटी सात वर्षांची शिक्षा झाली; ते 1931 मध्ये सुटले. तोवर धरण पुरे होऊन भिऱ्याचे वीजघर 1927 पासून चालू झालेले होते.

मित्राची आजी तेव्हा सहा-सात वर्षांची. तिचे वडील कूळ होते, तेव्हा मोबदल्याच्या वाटपात त्यांचे नाव कोठे असणार! ते मुंबईस गेले आणि एका कापडगिरणीत लागले. आपण ज्या यंत्रापाशी उभे राहतो, त्यास फिरवणारी वीज कोठून येते, हे त्यांस ठाऊक असावे काय, असा प्रश्न मित्रास लहानपणी पडे. पण तो आजीस विचारण्याचे धाडस त्यांस झाले नाही.

आता ह्या पाण्याचे भौगोलिक नवल सांगतो. मुळा ही पूर्ववाहिनी. ती पुण्यास मुठेस मिळते, पुढे भीमेस, भीमा कृष्णेस, आणि सरतेशेवटी हे पाणी बंगालच्या उपसागरास पोचावयाचे. धरणाने ते अडविले आणि सह्याद्रीच्या पोटातील बोगद्याने पश्चिमेस वळविले. तेथून ते नळांतून सुमारे 500 मीटर खाली, कोकणातील भिरा येथे, चक्रांवर कोसळते आणि वीज उत्पन्न करून मोकळे होते. मोकळे झालेले पाणी कुंडलिकेत येते. तीच ती उन्हाळ्यात वाहणारी नदी! बोगद्याच्या पाण्याचे कौतुक बुऱ्हाणपूरकरांस कोणी सांगावयास नको. आमच्या कुंडी भंडाऱ्याने 1615 पासून सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत वाटेने शहरात आणले आहे. पण त्यासाठी कोणाचे गाव बुडाल्याचे आम्ही ऐकले नाही.

ताम्हिणी घाट उतरून आम्ही संध्याकाळी कोलाडच्या बाजूस मुक्कामास पोचलो. जेवताना मित्र एकाएकी म्हणाले, "मी उद्या तराफ्यात बसणार नाही. तू जा, मी काठावर थांबतो."

"भीती वाटते का?" आम्ही विचारले.

"भीती वाटतेच. पण नुसती भीती नव्हे. ज्या पाण्याखाली तिचे घर गेले, त्याच पाण्यावर नाचावयाचे म्हणजे कसे दिसेल?"

ह्याला उत्तर देणे आम्हांस सुचले नाही. आम्ही म्हणालो, की नदीचा त्यात काय दोष. मित्र म्हणाले, "नदीला कोण बोलतो आहे?" आणि तो विषय तेथेच थांबला.

सकाळी नदीवर गेलो तर पात्रात नुसते धोंडे, आणि मधून एक बारीकशी धार. शंभरेक माणसे काठावर ताटकळत बसलेली. भिऱ्याहून पाणी सुटल्यावाचून काही व्हावयाचे नाही. मुंबईस विजेची निकड लागली की वीजघराची चक्रे फिरावयाची, चक्रे फिरली की पाणी सुटावयाचे, आणि ते ह्या वळणापर्यंत आले की आमचा खेळ. म्हणजे आमच्या मौजेची वेळ मुंबईतील कोणा गृहस्थाने दाबलेल्या बटणावर अवलंबून! पाऊण तासाने पात्राचा रंग पालटला. प्रथम आवाज आला, मग धोंड्यांमधील फटी भरल्या, आणि पाहता पाहता जेथे पोरे दगडांवर उड्या मारीत होती तेथे पुरुषभर पाणी झाले.

ते पाहिल्यावर मित्र उठले आणि त्यांनी शिरस्त्राण मागून घेतले. का, ते आम्ही विचारले नाही.

तराफ्यात आठ माणसे आणि मागे सुकाणूवर आसपासच्याच गावचा एक तरुण. त्याने जो पाठ दिला तो आम्ही येथे देतो, कारण तो कामाचा आहे. वल्ह्याची मूठ केव्हाही सोडू नये. सुटले तर ते शेजाऱ्याचे दात पाडते. पाय तराफ्याच्या फुगीर पट्टीखाली अडकवावेत. पाण्यात पडल्यास पाठीवर पडून राहावे, पावले प्रवाहाच्या दिशेस व पाण्याच्या वर ठेवावीत, आणि काही झाले तरी वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा यत्न करू नये. कारण पाऊल दोन धोंड्यांत अडकले म्हणजे प्रवाह माणसास आडवा करतो व मग कमरेइतके पाणीही जीव घेते. पोहता येणारा हाच नियम आधी मोडतो, असेही तो म्हणाला. आम्ही मनात हसलो.

हा खेळ फार जुना नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचे रबरी तराफे स्वस्तात विकावयास निघाले, आणि अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हौशी लोकांनी ते पाण्यात लोटले. आपल्याकडे हृषीकेशास गंगेवर तो रुजला. कुंडलिकेचा टप्पा बारा-चौदा किलोमीटरांचा, आणि जाणते लोक त्यास मध्यम प्रतीचा म्हणतात. मध्यम म्हणजे काय ते आम्हांस तिसऱ्या खळाळीत कळले. तराफ्याचे तोंड वर गेले, मग एकदम खाली, 'पुढे! जोराने पुढे!' अशी आरोळी आली, आणि दुसऱ्या क्षणी आम्ही हिरव्या, थंडगार, आवाजाने भरलेल्या पाण्यात होतो.

तापीत पोहलेल्या माणसाने काय करावे? त्याने नेमके तेच केले. आम्ही उभे राहावयास गेलो. उजवा पाय कशास तरी घासला, गुडघ्याचे साल निघाले, आणि सुदैवाने लाइफ जॅकेटने आम्हांस वर उचलले. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे तराफ्याची कड. आणि त्या कडेवरून कोणीतरी आमच्या जॅकेटचे खांद्यावरचे दोन्ही पट्टे घट्ट धरले, आम्हांस एकदा पाण्यात खाली दाबले व त्याच उसळीसरशी मागे कलून आत ओढून घेतले. सकाळी शिकवली होती तीच ही रीत. आमच्या अंगाखाली चेपलेले मित्र ओरडत होते, "पाय वर! पाय वर करायचे सांगितले होते ना तुला!"

पुढचे पाणी शांत होते. दोन्ही काठांस झाडी, मधूनच खंड्या पक्ष्यासारखा निश्चल बसलेला एखादा बगळा. हीच नदी पुढे रोह्यावरून जाऊन कोर्लईच्या किल्ल्यापाशी समुद्रास मिळते. तेथील आपल्या ख्रिस्ती बांधवांनी पोर्तुगीजांच्या काळातील एक बोली अजून घरात जपून ठेवली आहे. तिचे ऐकलेले दोन शब्द आम्ही मित्रास सांगू लागलो. पण त्यांचे लक्ष नव्हते. ते वल्हे आडवे टाकून हात पाण्यात सोडून बसले होते. "गार आहे," ते म्हणाले. "आजी म्हणे, आमच्या ओढ्याचे पाणी दात शिवशिवतील असे गार."

उतरण्याच्या जागी तो तरुण वल्ही मोजून गाडीत भरीत होता. मित्राने त्यास विचारले, हे पाणी कोठून येते, ठाऊक आहे का? "भिऱ्याहून," तो म्हणाला. त्याच्यावर कोठून? "मुळशीहून, म्हणतात. मी अजून पाहिले नाही." मग मित्राने ओल्या कपड्यांनिशी त्यास सत्याग्रहाची सारी हकीकत सांगितली, आजीसकट. तरुणाने ती हातातील काम न थांबवता, परंतु नीट ऐकली. शेवटी विचारले, "काका, मग त्या गावच्या माणसांना वीज तरी आधी मिळाली का?"

मित्र आमच्याकडे पाहू लागले. तिकडे गाडीवाल्याने शिटी दिली. दुपार झाली होती, आणि मागे नदीत पुन्हा धोंडे दिसू लागले होते.