चिंचोका सांगतो, चूक कुठं झाली!



२०२० साली करोनामुळं शाळा बंद होत्या, हे तुमच्या ताई-दादांना आठवत असेल. मी मोबाइलवर गणितं पाठवायचे. आमच्या काही मुलांच्या वस्त्या बालाघाटच्या डोंगरात. घरात बसून गणिताचा फोटो उतरता उतरत नसे, टेकडीवर चढलं की झटक्यात! मोबाइल तोच, फोटोही तोच. मग असं का? चला, चिंचोक्यांनाच विचारू.

फोडलेल्या चिंचोक्यांच्या पंधरा फाका घ्या. एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. त्यातल्या नऊ फाका तीन ओळींत, तीन-तीन, कशाही मांडा. आता प्रत्येक आडव्या ओळीच्या शेवटी एक जादा फाक ठेवा. ओळीतल्या पांढऱ्यांची संख्या सम (०, २ किंवा ४) झाली पाहिजे, बरं का! प्रत्येक उभ्या ओळीखालीही तसंच करा.

पाठ फिरवा. मैत्रिणीला नवांपैकी एक फाक उलटायला सांगा. आता मोजा. एक आडवी आणि एक उभी ओळ विषम दिसेल. त्या जिथं भेटतात, तीच उलटलेली!

मोबाइलसाठी फोटो म्हणजे ० आणि १ यांची लांबच लांब रांग. हे आकडे रेडिओ लहरींवरून येतात. वाटेत काही बिघडतात. पण सोबतच्या जादा आकड्यांवरून फोन बऱ्याच चुका स्वतःच दुरुस्त करतो. त्याची रीत अवघड, पण कल्पना हीच. पुन्हा मागवायला नको, वेळ वाचतो.

आणि टेकडीवरचा वेग? टॉवर लहरीला वेगवेगळी रूपं देतो. ४जी मध्ये सिग्नल कमजोर असला, तर ४ च ठळक रूपं. एकात २ आकडे मावतात. सिग्नल चांगला असला, तर ६४ रूपं, एकात ६ आकडे! लांबच्या बांधावरच्या माणसाशी आपण सावकाश, शब्द तोडून बोलतो, शेजारच्याशी भरभर. तसंच हे.

मुंबई विद्यापीठात गणित शिकवलेले शरदचंद्र श्रीखंडे (१९१७–२०२०) यांनी राज चंद्र बोस यांच्यासोबत १९५९ साली अशाच संकेतांच्या रचनेवर शोधनिबंध लिहिला होता.

वर्गात एकानं विचारलं, “बाई, चूकच होणार नाही असं नाही का करता येत?”

नाही रे बाळा. चूक होणार हे धरूनच चालायचं आणि ती सापडेल अशी तयारी आधी ठेवायची. आपण गणिताचा ताळा करतो, तो त्यासाठीच.

आता दोन फाका एकदम उलटून पाहा. चूक झाली हे कळतं. पण कोणत्या उलटल्या, हे सांगता येतं का? कळवा हं!