दुसरे दप्तर

शाळेत येताना आम्हां विद्यार्थ्यांच्या पाठीवर जे दप्तर असते, त्याच्या वजनाविषयी वडीलधारी मंडळी पुष्कळ बोलतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आमच्यापैकी बहुतेकांजवळ आणखी एक दप्तर असते. ते कोणास दिसत नाही. शाळा सुटल्यावर ते खुंटीला अडकवता येत नाही. रात्री अंथरुणावर पडलो तरी ते उशाशीच असते. परीक्षेची धास्ती, घरातील पैशाची ओढाताण, आजारी आजीची काळजी, शेजारच्या मुलाशी होणारी तुलना, अशा किती तरी गोष्टी त्यात रोज भरल्या जातात. आज त्यास ताण म्हणतात. जुन्या माणसांनी त्यास चिंता म्हटले, आणि चिता व चिंता यांत एका अनुस्वाराचाच काय तो भेद, असे बजावूनही ठेवले. या दुसऱ्या दप्तराविषयी आमचे मत येथे मांडावे असे वाटते.

ताण हा मुळात आपला वैरी नव्हे. हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान 2018 साली ज्या जलद बसगाड्या धावू लागल्या, त्यांस 'चिगरी' हे नाव देण्यात आले. कानडीत चिगरी म्हणजे हरिण. रानातल्या हरणास वाघाची चाहूल लागली की त्याचे हृदय धडधडू लागते, श्वास जलद होतो, पचनाचे काम मंदावते आणि सारी शक्ती पायांत एकवटते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील लहानशा ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन हा स्राव रक्तात मिसळतो, त्याचा यात मोठा वाटा असतो. संकट टळले की हरिण पुन्हा चरू लागते. माणसाच्या देहातही हीच योजना आहे. मात्र आपला वाघ निघून जात नाही. चाचणी परीक्षा संपते तोच सहामाही उभी राहते, आणि घरभाड्याची तारीख तर दर महिन्यास येते.

असा वाघ कायमचा दाराशी बसला तर काय होते? हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने कॅनडातील माँट्रियल येथे उंदरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 1936 साली प्रसिद्ध केले. थंडी असो, जखम असो वा अतिश्रम असोत, उंदरांच्या शरीरात फेरबदल होत ते एकाच प्रकारचे. त्या ग्रंथी वाढत आणि जठरात व्रण पडत. शरीर प्रथम सावध होते, मग प्रतिकार करते आणि विसावा न मिळाल्यास अखेर थकून जाते, असा क्रम त्याने सांगितला. तेव्हा झोप न लागणे, डोके दुखणे, पाठ केलेले न आठवणे, उगाच चिडणे या गोष्टी नेहमी आळसाच्या किंवा भित्रेपणाच्याच असतात असे नाही; थकलेल्या शरीराचीही ती तक्रार असू शकते.

आम्ही मराठी माध्यमाची मुले घरी मराठी बोलतो, बाजारात कानडी बोलतो आणि दहावीनंतर कॉलेजात इंग्रजी कसे झेपेल याचा घोर आतापासूनच करतो. हे सारे ऐकून आम्हांस दोन प्रकारचा उपदेश मिळतो. एक, "चिंता करू नकोस". दुसरा, "सोसायला शीक". दोन्ही सद्‌हेतूनेच केलेले असतात. पण चिंता करू नये हे ज्यास जमते त्यास तो उपदेश नकोच असतो. आणि मुकाट्याने सोसणे म्हणजे धैर्य, ही समजूत तर आम्हांस घातक वाटते.

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीच्या पोटात रोज सकाळी दुखे. आम्ही तो शाळा चुकविण्याचा बहाणा समजलो. "हिला धारवाडच्या इस्पितळात धाडा," असे कोणीतरी म्हणाले आणि सारे हसलो. तिच्या वडिलांचे दुकान बंद पडले होते आणि धाकट्या भावंडांचे सर्व करून ती रात्री उशिरा अभ्यासास बसत असे, हे आम्हांस पुष्कळ दिवसांनी कळले. त्या हसण्याची आम्हांस आजही लाज वाटते.

ज्या इस्पितळाच्या नावाने आम्ही हसलो, ते 1845 साली वेड्यांचे इस्पितळ म्हणून स्थापन झाले आणि आज 'डिमहान्स' या नावाने मानसिक आरोग्याची मोठी संस्था म्हणून ओळखले जाते. ताप आल्यास डॉक्टरकडे जाण्याची लाज वाटत नाही. मग मन थकल्यास का वाटावी? दाराशी औषध असून केवळ थट्टेच्या भयाने कोणी तेथे जात नसेल, तर त्याचा दोष थट्टा करणाऱ्यांवर येतो.

धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती, तरी ते कानडीचे श्रेष्ठ कवी झाले आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला. अपत्यांचे मृत्यू, कारावास, नोकरीवाचून काढलेली वर्षे, काय त्यांच्या वाट्यास आले नाही? परंतु 1922 साली त्यांनी धारवाडात 'गेळेयर गुंपु' म्हणजे मित्रांचा मेळा जमविला होता. मित्रांनी दुःख टळत नाही, हे खरे. पण ते एका खोलीत कोंडून राहत नाही. प्रतिभा आम्हांस मागून मिळणार नाही, मित्रांचा मेळा मात्र खास जमविता येईल.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक वर्गात आठवड्यातून एक तास असा असावा की ज्यात गुणांविषयी बोलणे नाही. ज्यास जे सांगावयाचे ते त्याने सांगावे, इतरांनी न हसता ऐकावे आणि ऐकलेले बाहेर बोलू नये. घरी आठ तासांची झोप ही चैन मानू नये. सायंकाळी उणकल तलावाकडे पायी फेरी मारावी; मन फार धावू लागल्यास श्वास सावकाश सोडावा, म्हणजे हृदयाची गतीही मंदावते. एवढ्याने न भागल्यास शिक्षकांस सांगावे, अथवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलावे.

आणि पालकांस एक विनंती. निकालाच्या दिवशी "किती गुण?" हा प्रश्न जरूर विचारा, पण त्याआधी "जेवलास का?" असे विचारा. दहावीच्या परीक्षेस त्याच वर्षी पुन्हा बसता येते. खचलेले मूल सावरण्यास मात्र त्याहून फार अधिक काळ लागतो.

पाठीवरचे दप्तर जड झाले की आम्ही एक पट्टा मित्राच्या हाती देतो आणि दोघे मिळून ते नेतो. दुसऱ्या दप्तराचेही तसेच करावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.