दोष कोणाचा, दंड कोणास?

बिनपरवाना येणाऱ्या परदेशी मजुरांना सरहद्दीवर अडवावयाचे की कारखान्याच्या दारात, हा वाद अमेरिकेत जुनाच आहे. १९८६ साली त्या देशाच्या काँग्रेसने त्याला एक सरळ उत्तर दिले. ज्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्याचा हक्क लाभला, त्याच कायद्याने बिनपरवाना माणसास जाणूनबुजून कामावर ठेवणे हा मालकाचा अपराध ठरविला. काम मिळते म्हणून माणूस येतो. तेव्हा लगाम घालावयाचा तो काम देणाऱ्यास, हे त्यामागील तत्त्व होते.

केंद्राचा हात ढिला पडताच राज्ये पुढे सरसावली. मालकांस दंड करण्याची राज्यांना मनाई होती. मात्र धंद्याचे परवाने त्या मनाईतून वगळलेले होते. ॲरिझोना राज्याने नेमका हाच धागा पकडला. १ जानेवारी २००८ पासून तेथे प्रत्येक मालकास नव्या नोकराची नोंद 'ई-व्हेरिफाय' या केंद्रीय यंत्रणेत पडताळणे बंधनकारक झाले, आणि अपराधाची पुनरावृत्ती करणाऱ्याचा परवाना कायमचा काढून घेण्याची तरतूद झाली. व्यापारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. परंतु २०११ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने कायदा उचलून धरला.

मग घडले काय? परवाना गमावण्याची वेळ फारच थोड्या मालकांवर आली. उलट मॅरिकोपा परगण्याचे तत्कालीन शेरीफ जो आर्पायो यांनी उपाहारगृहांवर व कारखान्यांवर धाडी घातल्या, तेव्हा खोट्या ओळखपत्रांच्या आरोपाखाली तुरुंगात गेले ते मजूर. नुसते काम शोधणे हाच मजुराचा गुन्हा ठरविणारे ॲरिझोनाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द केले खरे. पण दुसऱ्याचा क्रमांक वापरणाऱ्या मजुरावर राज्यांना खटला भरता येतो, असे त्याच न्यायालयाने २०२० साली कॅन्सासच्या प्रकरणात ठरविले. मालकासाठी लिहिलेला कायदा अशा रीतीने मजुराच्या दारी येऊन उभा राहिला!

पडताळणी अगदीच निष्फळ ठरली, असे मात्र म्हणता येणार नाही. ॲरिझोनातील बिनपरवाना मजुरांची संख्या त्यानंतर घटली, असे अभ्यासकांस आढळले. पण त्याच अभ्यासात हेही दिसले की, उरलेल्यांपैकी अनेकजण पगाराची नोकरी सोडून किरकोळ स्वतंत्र धंद्यांकडे वळले. म्हणजे ते देशातून गेले नाहीत. केवळ हिशेबाच्या वहीतून गेले. शिवाय ही यंत्रणा मुख्यतः नाव व क्रमांक जुळतात की नाही हे पाहते. उसने घेतलेले खरे नाव तिला कसे ओळखू यावे? फ्लॉरिडाने २०२३ साली हीच सक्ती केली, ती पंचवीस वा अधिक नोकर असलेल्या मालकांपुरती. छोट्या ठेकेदारांस पळवाट मोकळीच राहिली.

मुकादमाच्या आडून मजूर राबविणारा आणि वेळ येताच हात झटकणारा धनी आपल्या महाराष्ट्रासही अपरिचित नाही. म्हणूनच या परक्या प्रकरणातील धडा आपणही लक्षात ठेवावा. आपल्या भूमीवर कोणी राहावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, आणि तो आम्हांस पूर्णतः मान्य आहे. पण ज्याच्या श्रमावर नफा मिळवावयाचा, त्यालाच एकट्याला बेड्या घालावयाच्या, यास कायद्याचे राज्य म्हणता येत नाही. कायदा दोघांनाही लागू व्हावा. आणि आरंभ करावयाचा असेल, तर तो ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याच्यापासून व्हावा.