वाक्सहोल्मची शाळा आणि युरोपचा कायदा

आंतरराष्ट्रीय करार आणि अधिराष्ट्रीय कायदा या दोन गोष्टींची आपल्या चर्चेत नेहमी गल्लत होते. करार सरकारांना बांधतो. २००७ साली नोव्हार्टिस या औषध कंपनीने आपल्या पेटंट कायद्यातील कलम ३(डी) जागतिक व्यापार संघटनेच्या कराराशी विसंगत असल्याचे मद्रास उच्च न्यायालयात मांडले, तेव्हा हा प्रश्न आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असे सांगून न्यायालयाने तो दूर ठेवला. अधिराष्ट्रीय कायद्याची जात वेगळी. तो व्यक्तीच्या हाती थेट हक्क देतो, आणि तो हक्क घेऊन एखादा व्यापारी आपल्याच देशातील न्यायालयात आपल्याच सरकारविरुद्ध उभा राहू शकतो.

युरोपात ही घडी दोन निकालांनी बसली. १९६३ साली एका डच आयातदार कंपनीने वाढीव जकातीविरुद्ध रोमच्या कराराचा आधार घेतला आणि युरोपीय न्यायालयाने तो मान्य केला. दुसरा निकाल समाजवाद्यांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. इटलीने १९६२ साली वीजउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. वीजकंपनीचे भागधारक असलेले मिलानचे वकील फ्लामिनिओ कोस्ता यांनी विजेचे १,९२५ लिरांचे बिल भरण्याचे नाकारले आणि राष्ट्रीयीकरण हाच कराराचा भंग आहे असा दावा केला. राष्ट्रीयीकरण टिकले. परंतु त्या क्षुल्लक बिलाच्या निमित्ताने १९६४ साली न्यायालयाने ठरविले की, राष्ट्रीय कायदा आणि युरोपचा समाईक कायदा यांत विरोध आल्यास समाईक कायदाच श्रेष्ठ. करारात असे वाक्य कोठेही नव्हते!

या श्रेष्ठत्वाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे स्वीडनमधील वाक्सहोल्म येथे दिसले. २००४ साली लाव्हाल या लाटवियन कंपनीने तेथील एका शाळेच्या बांधकामावर लाटवियातून कामगार आणले. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही. वेतन ठरते ते कामगार संघटना आणि मालक यांच्यातील सामुदायिक करारांनी. बांधकाम कामगारांच्या संघटनेने असा करार आणि तासाला १४५ क्रोनर वेतन मागितले. कंपनीने नकार देताच कामाची नाकेबंदी झाली, वीजतंत्रींनी सहानुभूतीने काम थांबविले, आणि अखेर कंपनीची तेथील शाखा दिवाळखोरीत गेली. स्वीडनच्या कायद्याप्रमाणे यात वावगे काही नव्हते.

१८ डिसेंबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. सामुदायिक लढ्याचा हक्क मूलभूत आहे, हे त्याने तोंडभरून मान्य केले. आणि लगेच सांगितले की, ही नाकेबंदी सेवा पुरविण्याच्या कंपनीच्या स्वातंत्र्यात अडथळा आणते व तिचे समर्थन होऊ शकत नाही. या मांडणीतील क्रम पाहावा. कंपनीचे स्वातंत्र्य हा नियम झाला आणि संप हा अपवाद. समर्थन द्यायचे ते अपवादाने. आठवडाभर आधी एका फिनिश जहाज कंपनीच्या खटल्यातही हीच तर्कपद्धती वापरली गेली होती. ती कंपनी आपल्या जहाजाची नोंदणी स्वस्त वेतनाच्या एस्टोनियात नेऊ पाहत होती. २००९ साली स्वीडनच्या श्रमन्यायालयाने संघटनांना नुकसानभरपाई द्यावयास लावली, आणि २०१० साली तेथील संसदेने संपाचा हक्क आखडता घेणारा कायदा केला. दशकानुदशके मुरलेली व्यवस्था एका कंपनीच्या दाव्याने वाकली.

यावरून राष्ट्राच्या कुंपणाआड परतावे असा निष्कर्ष आपल्यातील काही मंडळी काढतात. तो मला मान्य नाही. १९७६ साली बेल्जियमच्या हवाई सेविका गाब्रिएल देफ्रेन यांना पुरुषांइतक्या वेतनाचा हक्क मिळाला तो याच कायद्यामुळे. त्यांच्या राष्ट्रीय कायद्याने तो दिलेला नव्हता. (ते कलमही करारात आले ते मुख्यतः फ्रेंच उद्योगांना स्वस्त स्त्रीश्रमाच्या स्पर्धेची धास्ती होती म्हणून, स्त्रियांच्या कळवळ्याने नव्हे.) शिवाय कुंपणाआडचा समाजवाद लाटवियन गवंड्याला शत्रू ठरवितो. वस्तुतः त्याला स्वीडिश गवंड्याइतकी मजुरी मिळावी हीच मागणी होती, आणि तीत त्याचेही हित होते. मात्र ही गोष्ट त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत किती पोहोचली, हा प्रश्न संघटनांनी स्वतःला विचारावयास हवा.

लढा पुढे सरकला तोही त्याच व्यासपीठावर. २०१७ साली स्वीडनने २०१० चा कायदा बराच सैल केला. २०१८ साली युरोपीय संघाने परदेशी पाठविलेल्या कामगारांविषयीचा निर्देश बदलला आणि 'किमान वेतनदर' या शब्दांच्या जागी 'मोबदला' हा व्यापक शब्द घातला. हंगेरी आणि पोलंड यांनी त्याला आव्हान दिले. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने ते फेटाळले. परंतु निर्देश हा करारापेक्षा कनिष्ठ. बाजाराचे स्वातंत्र्य आणि सामाजिक हक्क यांत विरोध आल्यास हक्कांना अग्रक्रम द्यावा, असे कलम मूळ करारालाच जोडावे ही युरोपच्या कामगार महासंघाची २००८ पासूनची मागणी आहे. ती अद्याप मान्य झालेली नाही. करार बदलावयास प्रत्येक सदस्यराष्ट्राची संमती लागते, आणि स्वस्त श्रम हेच ज्यांचे भांडवल ती राष्ट्रेही त्यात आहेत.