समुद्राचे मीठ मोजणारी नळी

काही वर्षांपूर्वी वॉर्डातल्या एका आजोबांचा सोडियमचा रिपोर्ट ११८ आला. आजोबा मात्र खाटेवर बसून नातवाशी गप्पा मारत होते. सोडियम एवढे घसरलेला माणूस सहसा असा बसत नाही. पुन्हा रक्त पाठवले, तर १३७! यंत्रात दोष नव्हता. रोज सकाळी ज्या प्रमाण द्रावणाने ते जुळवतात, ते द्रावणच खराब झाले होते. पहिल्या आकड्यावर विसंबून तीव्र सलाइन चढवले असते, तर काय झाले असते, हा विचार आजही नकोसा वाटतो.

उपग्रह समुद्राचा खारेपणा कसा मोजतात, हे वाचताना ते आजोबा आठवले. एक किलो समुद्रपाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे आपल्या नॉर्मल सलाइनच्या जवळपास चौपट. समुद्राच्या पृष्ठभागातून सतत अगदी क्षीण सूक्ष्मलहरी बाहेर पडतात. त्या किती पडणार, हे पाण्याच्या तापमानावर आणि विद्युत गुणधर्मांवर ठरते, आणि मीठ वाढले की हे गुणधर्म बदलतात. युरोपचा 'स्मॉस' (२००९) आणि अमेरिका-अर्जेंटिनाचा 'अक्वेरियस' (२०११) हे उपग्रह १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास हाच संकेत टिपण्यासाठी सोडले गेले. अडचण अशी की, किलोमागे एक ग्रॅम क्षार बदलला, तर संकेत जेमतेम अर्ध्या अंशाने हलतो. अक्वेरियसला तर ०.२ ग्रॅमचा फरक ओळखायचा होता. थंड समुद्रात संकेत आणखी मंदावतो.

आता, अमुक संकेत म्हणजे अमुक मीठ, हे उपग्रहाला कोण सांगते? प्रयोगशाळा. १९७७ मध्ये क्लाइन आणि स्विफ्ट यांनी मांडलेली समीकरणे अनेक वर्षे वापरात होती. नव्या उपग्रहांना अधिक काटेकोर आकडे हवे होते, म्हणून वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात पुन्हा मोजमापे झाली. धातूच्या पोकळीत बारीक नळीतून समुद्रपाणी न्यायचे आणि पोकळीची अनुनाद-कंपनसंख्या किती सरकली, ते पाहायचे. मग तापमान बदलून पुन्हा, क्षार बदलून पुन्हा. कंटाळवाणे काम, पण इथे चूक झाली तर ती उपग्रहाच्या प्रत्येक नकाशात उतरणार.

याचा आपल्याशी संबंध आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यामुळे बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा बराच कमी खारा आहे. हे हलके, गोडसर पाणी वर तरंगत राहते आणि वादळाला खालचे थंड पाणी सहज घुसळून वर आणता येत नाही. पृष्ठभाग उबदार राहतो, चक्रीवादळाला ताकद मिळत राहते. त्यामुळे वर किती मीठ आहे, हा किनाऱ्यावरच्या लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे.

उपग्रहाचे उड्डाण सगळे जग पाहते. नळीत पाणी भरणाऱ्याकडे कोण पाहणार? सरकारी दवाखान्यातही नव्या यंत्राची फीत कापायला मंडळी येतात. प्रमाण द्रावणाच्या खरेदीची फाइल मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. माझे मत स्पष्ट आहे: उपग्रह असो वा रक्ततपासणीचे यंत्र, जुळवणीचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे, उरल्यासुरल्या पैशातून नव्हे.

आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई आता द्रावणाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लाल शाईने लिहितात. राउंडला निघण्याआधी मी ती पाहून येतो.