आपला आवाज वाळवंटातला नाही

मागच्या ईदला नगरला घरी होतो. चौदा वर्षांचा भाचा माझ्या लॅपटॉपवर एक परदेशी फॅन्टसी गेम खेळत होता. त्याचा नायक जंगल, बर्फ ओलांडून वाळूच्या शहरात शिरला आणि संगीत बदललं. डफ, रडवी बासरी, मागे लांबवलेला आलाप. भाचा खूश होऊन म्हणाला, "मामू, देखो, अपना म्युझिक!"

मी हसलो. पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. नगरला वाळवंट कुठे आहे? आपल्याकडे दुष्काळ आहे, उसाच्या ट्रॉल्या आहेत. उंट आला तर पोरं अजून त्याच्यामागे धावतात. मग या पोराला ते 'आपलं' का वाटलं?

कारण गेममधला मुसलमानी मुलूख बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघतो. कोमल रिषभावरून थेट शुद्ध गंधारावर उडी मारली की झालं 'पूर्वेचं' संगीत. अरबी हिजाज मकामात ती उडी आहेच, आपल्या भैरवातही आहे. स्वर खोटे नाहीत. मोरोक्कोपासून दख्खनपर्यंत सगळ्यांना एकच झगा घालणं खोटं आहे.

दुसरी वाट आहे. २०१५ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने 'द विचर ३' काढला. त्याच्या संगीतात 'पर्सिव्हल' हा तिथलाच लोकसंगीत वाजवणारा बँड घेतला. खेड्यातली जुनी वाद्यं, मोकळ्या गळ्याने गाणाऱ्या बायका. ते संगीत जगभर गाजलं, कारण त्याला त्यांच्या मातीचा वास होता.

आपल्या शेजारी पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा गेम काढला. सर्कशीत काम करणारी मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते, अशी त्याची गोष्ट. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने दिलं. त्यात वावगं काहीच नाही, कानाला सरहद्द नसते. पण पुण्यात गेम बनू शकतो, तर पुढच्या एखाद्या गेमला नगरच्या वादकाने हात का लावू नये?

इंजिनिअर म्हणून एक सांगतो. गेमचं संगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ठरलेल्या गाण्यासारखं नसतं. त्याचे थर वेगवेगळे साठवतात. शांतपणे चालताना एक थर वाजतो, शत्रू दिसला की त्यावर ढोलाचा थर चढतो, लढाई संपली की उतरतो. खेळणारा काय करतोय, ते बघून प्रोग्राम ठरवतो. मोहरमला कोठल्याच्या सवारीपुढे ताशावाला हेच करतो. गर्दी बघतो, सवारीची चाल बघतो आणि लय चढवतो किंवा धरून ठेवतो. त्या सवारीच्या गर्दीत हिंदूही असतात, मुसलमानही. हा आवाज कुठल्या साच्यात बसवणार?

आपल्यातले काही जण म्हणतील, संगीतच हराम, मग चर्चा कशाला? यावर उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) 'इह्या'मध्ये समाअवर वेगळं प्रकरण लिहिलं आणि काय ऐकता, कशासाठी ऐकता, याला महत्त्व दिलं. नगरच्या किल्ल्यासाठी मुघलांशी झुंजलेल्या चाँदबीबीने विजापुरात ज्या पुतण्याच्या लहानपणी राज्य सांभाळलं, त्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नौरस' हा दखनी गीतांचा ग्रंथ रचला. त्यात सरस्वतीची स्तुती आहे, ख्वाजा बंदेनवाज यांचीही. आपल्याच जिल्ह्यात, श्रीगोंद्यात, शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, अभंग रचले. हा वारसा कुणी उसना दिलेला नाही.

बाहेरचा सांगतो, तुमचा आवाज वाळवंटातला. घरातला सांगतो, तुम्हाला आवाजच नको. दोघांचं ऐकलं तर माझ्या भाच्याला हातात काहीच उरत नाही. उद्या कुणी त्याला 'तू इथला नाहीस' म्हणालं, तर त्याने कुठला सूर वाजवून दाखवायचा?

म्हणून एक सुचवतो. तुमच्यातले कितीतरी जण कोडिंग शिकताय. सुट्टीत गावी जाल तेव्हा मोबाइल घेऊन सनईवाल्याकडे, ताशावाल्याकडे, कव्वालाकडे जा. त्यांची परवानगी घ्या, मेहनतीचे पैसे द्या आणि नीट रेकॉर्ड करा. नाव, गाव, वाद्य, तारीख लिहून ठेवा. गोडो, ऑडॅसिटी फुकट मिळतात. दहा मिनिटांचा साधा गेम बनवा, त्यात हे आवाज घाला.

भाच्याला मी तेवढंच काम दिलंय. पहिलं रेकॉर्डिंग त्याने आमच्या नानीचं केलं. भाकरी थापता थापता ती दखनीत गुणगुणत होती. हेडफोन लावून त्याने ते तीनदा ऐकलं. या वेळी 'अपना म्युझिक' असं काही तो म्हणाला नाही. नुसतं विचारलं, "नानी, और याद है?"